दुधाबरोबरची गोळी

दिल्लीतल्या द्वारका भागात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला एक प्रश्न ठरलेला असतो. "तो मॅडम, मिला कुछ इलाज?" भाजीची पिशवी सांभाळत एक गृहस्थ विचारतात. मी "अभी नहीं जी" म्हणते. ते "चलो, मिल जाएगा" असा मलाच धीर देतात आणि चौथ्या मजल्यावर उतरून जातात. पार्किन्सनच्या आजारावर संशोधन करणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीचा आढावा याहून कमी शब्दांत घेता येईल असं मला वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांना मात्र जास्त शब्द हवे आहेत, आणि ते प्रेरणादायी असावेत असंही त्यांनी सुचवलं आहे. ते मला जमणार नाही. दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी, पांढरा कोट, मेंदूचं कोडं, असं काही त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस आहे. त्यांचं नाव शशिकांत तांबे. एक औषध त्यांना लागू पडलं होतं आणि ते त्यांना मिळायचं बंद झालं. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

पण आधी आमचं काम काय असतं ते सांगते.

पार्किन्सनला आपल्याकडे कंपवात म्हणतात, कारण लोकांना थरथरणारा हात दिसतो. थरथर हा त्यातला कमी त्रासाचा भाग. मेंदूच्या खोल भागात काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, आणि ठरवलेली हालचाल सुरू व्हायला ते रसायन लागतं. त्या पेशी हळूहळू मरत जातात. मग माणसाला खुर्चीतून उठायचं असतं, पण पाय ऐकत नाहीत. सदऱ्याचं बटण लागत नाही. आवाज बारीक होतो. चेहरा हलेनासा होतो, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं यजमान रागावले आहेत. आणि रात्री झोपेत कूस बदलता येत नाही. ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे ते या शेवटच्या वाक्यावर थांबतील. कूस बदलता येत नाही म्हणजे दुसऱ्या कोणीतरी उठून ती बदलून द्यायची, रात्रीतून अनेकदा, वर्षानुवर्षं. एका माणसाच्या आजारात दोन माणसांची झोप जाते.

यावर एक जुनी, चांगली गोळी आहे. ती पोटातून मेंदूत पोचते, तिथे तिचं डोपामिन होतं, आणि माणूस काही तास सुटतो. मग असर उतरतो आणि तो पुन्हा जखडतो. आम्ही आपसांत यांना सुटे तास आणि जखडलेले तास म्हणतो. आजार वाढत जातो तसे सुटे तास आक्रसतात. जगभर आमच्या क्षेत्रात जी खटपट चालते तिच्यातली बरीचशी हे सुटे तास ताणून लांबवण्याची आहे. पेशी मरूच नयेत असा उपाय कोणाकडेही नाही. उंदरांचा पार्किन्सन आम्ही पुष्कळदा बरा केला आहे. दिल्लीजवळ मानेसरला असलेल्या आमच्या संस्थेत पहिली काही वर्षं मी तेच करत होते. उंदीर तुरूतुरू चालायला लागायचे, निबंध छापून यायचा, टाळ्या व्हायच्या. संस्थेच्या फाटकाबाहेर गाड्यांच्या कारखान्यांतली माणसं कंपनीच्या बसमधून दाटीवाटीने घरी निघालेली असायची. त्यांच्यातल्या कोणाच्या बापाला माझ्या उंदरांचा काय उपयोग, हा प्रश्न मला छळायचा. मी वाढले तशा घरात वाढलं की असले प्रश्न फार छळतात.

म्हणून मी माणसांच्या हालचाली मोजण्याकडे वळले. रुग्णाच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र बांधायचं. ते त्याने आठवडाभर घरी वापरायचं. हात कधी हलला, किती हलला, कधी जखडला, हे सगळं त्यात उतरतं, आणि मग माझ्यासमोर पडद्यावर त्याच्या दिवसाची एक रेघ येते. गोळी घेतली की रेघ चढली पाहिजे. ती किती वेळ वर राहते, तेवढे सुटे तास.

या रेघांनी मला माणसांबद्दल बरंच शिकवलं. गुरुग्रामच्या एका मोठ्या कंपनीतले साहेब होते. त्यांच्या रेघेत दिवसभर उजवा हात मेल्यासारखा. मला वाटलं, हाताला लकवा आहे. मग कळलं की ऑफिसात कोणाला थरथर दिसू नये म्हणून ते हात पँटच्या खिशात कोंबून ठेवायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मीटिंगमध्येसुद्धा. मला त्यांनी आजाराबद्दल एकच प्रश्न विचारला, की हस्तांदोलन करताना काय करायचं. आणखी एक आजोबा होते, मानेसरजवळच्या गावातले. त्यांची रेघ बघून आमची अख्खी प्रयोगशाळा गोळा झाली. माणूस रात्रभर उभा, आणि संथ लयीत काहीतरी सतत हलतंय. आजोबांनी यंत्र म्हशीच्या पायाला बांधलं होतं. विचारल्यावर म्हणाले, "मेरा तो हाथ काँपे है, डॉक्टरनी. मैंने सोचा रिपोर्ट बढ़िया आनी चाहिए." आम्ही खूप हसलो. नंतर मला त्याचं हसू येईनासं झालं. एवढा आजारी माणूस, आणि आपल्यामुळे डॉक्टरांना वाईट निकाल मिळू नये याची त्याला काळजी.

आता तांबेकाकांकडे येते.

माझे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते आणि कर्मचारी संघटनेत होते. आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवायच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यामुळे आम्ही जमिनीवर जेवायचो. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. महागाई भत्ता हा शब्द मला आंबा या शब्दाच्या आधी ओळखता येत होता, असं आई सगळ्यांना सांगायची. तांबेकाका त्याच खात्यात आरेखक होते, नकाशे काढायचे. संघटनेचे फलक तेच रंगवायचे. त्यांच्या अक्षरातला काना पट्टी लावल्यासारखा सरळ असायचा. मी शाळेत असताना ते माझा हात धरून मला "न्याय" हा शब्द गिरवायला लावत, कारण त्यातला अर्धा न मला जमत नसे. वडील गेल्यावर आमच्याकडे नेमाने येणारं घर तांब्यांचंच. निवृत्तीनंतर तेही द्वारकेला राहायला आले. काका, कुमुदकाकू, आणि बंगळूरहून फोन करणारा मुलगा.

काकांना कंपवात झाल्याचं मला सर्वांत आधी दिसलं. त्यांनी दारावरची नावाची पाटी नव्याने रंगवली होती आणि अक्षरं शेवटाकडे बारीक बारीक होत गेली होती. बारीक होत जाणारं अक्षर ही या आजाराची एक सुरुवातीची खूण असते. मी पाटी चांगली झाल्याचं सांगितलं आणि घरी येऊन रडले.

काही वर्षांनी आमच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी आली. परदेशातल्या एका कंपनीची गोळी. जुन्या गोळीबरोबर घ्यायची, म्हणजे जुनीचा असर जास्त वेळ टिकतो. रुग्णांना तपासायचं काम दिल्लीतल्या एका इस्पितळाकडे, रेघा वाचायचं काम मानेसरला माझ्याकडे. काकांचे सुटे तास तेव्हा फार कमी उरले होते. मीच त्यांना इस्पितळात नाव घालायला सांगितलं.

चाचणीचे दोन टप्पे होते, आणि रुग्ण एकेक करून दाखल होत असल्यामुळे सगळे एकाच वेळी एकाच टप्प्यात नसायचे. पहिल्यात काहींना खरी गोळी, काहींना खोटी, आणि कोणाला काय हे कोणालाच माहीत नाही. दुसऱ्यात सगळ्यांना खरी. दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला प्रत्येकाचे सुटे तास मोजले जायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा. ज्यांचे तास वाढले असतील त्यांना गोळी पुढेही मिळत राहणार, दुकानात येईपर्यंत. ज्यांचे वाढले नाहीत त्यांची बंद. रेघा माझ्याकडे क्रमांकाने यायच्या. कोणता क्रमांक कोणाचा हे मला माहीत नसायचं, आणि नसायलाच हवं.

आधी आलेले रुग्ण दुसऱ्या टप्प्यात गेले आणि बऱ्याच रेघा मला चमत्कारिक दिसू लागल्या. सकाळच्या गोळीनंतर रेघ ढिम्म. दुपारच्या गोळीनंतर छान चढलेली. रात्री पुन्हा ढिम्म. एकाच माणसाला तीच गोळी दुपारी लागू पडते आणि सकाळी नाही, हे कसं? मी यंत्रं तपासून घेतली. इस्पितळाला विचारलं की हे लोक सकाळी गोळीआधी नाश्ता करतात का. इस्पितळातून घराघरांत ठरलेला प्रश्न फोनवर विचारला गेला, "गोली से पहले कुछ खाया तो नहीं?" सगळ्यांचं उत्तर नाही. रिकाम्या पोटी घेतो.

मल्होत्रा सर, आमचे प्रमुख, म्हणाले की औषधच कमजोर असेल. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

एका रविवारी सकाळी मी तांब्यांकडे गेले. चाचणीसाठी नाही, काकूंनी अळूवड्या केल्या होत्या त्या आणायला. काका खुर्चीत जखडलेले बसले होते. काकू आतून पेला घेऊन आल्या. त्यांनी काकांच्या तोंडात गोळ्या ठेवल्या, पेला ओठांना लावला आणि पदराने हनुवटी पुसली. पेल्यात कोमट दूध होतं.

"काकू, रोज दुधाबरोबर देता?"

"मग काय? एवढं गरम औषध. नुसत्या पाण्यावर दिलं तर पोटात आग पडेल त्यांच्या."

"पण फोनवर तुम्ही सांगता ना, रिकाम्या पोटी देते म्हणून?"

"रिकाम्या पोटीच देते. पोहे-बिहे सगळं नंतर. दूध म्हणजे काय खाणं आहे? संकष्टीलासुद्धा चालतं."

"आणि दुपारची गोळी?"

"दुपारी कुठलं दूध? उरलेलं विरजणाला जातं. दुपारची पाण्यावर. रात्रीची पुन्हा दुधावर." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काय गं, काय झालं?"

काय झालं ते सांगते. जुनी गोळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते ती ज्या दारांतून, त्याच दारांतून दुधातली प्रथिनंही जातात. मानेसरला कारखान्याच्या बसचं दार एक आणि शिफ्ट सुटलेली माणसं शंभर, तसं होतं. प्रथिनांची झुंबड आधी आत शिरते आणि गोळी फुटपाथवर उभी राहते. जुनी गोळी मेंदूत पोचलीच नाही, तर नवी गोळी टिकवणार कशाला? गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, हे वेष्टनाच्या आतल्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. पण फोनवरचा प्रश्न होता खाण्याबद्दल, आणि आपल्या देशात दूध हे खाणं नाही. दूध उपासाला चालतं, आजारी माणसाला चालतं, देवाला चालतं. ज्यांनी तो प्रश्न तयार केला त्यांनी आयुष्यात कधी आपल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि ज्यांनी तो हिंदीत आणला त्यांच्या घरात रोज दूध तापत होतं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्यात मीही आले. माझी आई माझी प्रत्येक गोळी मला दुधाबरोबर देत आली आहे.

मी काकूंना तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून पाणी. पुढचा विचार मी केला नाही. समोर काका होते.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा गेले तर दार काकांनी उघडलं. दाढी स्वतः केलेली, गालावर एक कापल्याची खूण. सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत जाऊन आपणच वर्तमानपत्र आणतो, असं त्यांनी मला सांगितलं, आणि मला ते सगळं ऐकू आलं, वाकून कान तोंडाशी न नेता. काकू म्हणाल्या, "आता रात्री आपले आपण वळतात. मला तर परवा सकाळी दूधवाल्याने बेल वाजवून उठवलं." त्या हे सांगताना संकोचल्या होत्या, आळशीपणा कबूल करावा तशा.

पाण्याने जुनी गोळी पोचू लागली होती आणि नवी गोळी तिला टिकवत होती. दोन्ही मिळून काकांना बहुतेक सगळा दिवस मिळाला होता.

आता अडचण सांगते. दुसरी मोजणी जवळ आली होती. काकांची सुरुवातीची मोजणी दुधाच्या दिवसांतली होती आणि ही पाण्याच्या दिवसांतली होणार होती. तास भरपूर वाढलेले दिसणार, गोळी पुढे चालू राहणार. फक्त कोणी काही बोलायचं नाही. पण त्या वाढीतली पाण्याची किती आणि नव्या गोळीची किती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. कंपनीच्या औषधाच्या नावावर पाण्याचा गुण लागला असता. आणि बाकीच्या घरांत दूध चालूच राहिलं असतं, त्यांची गोळी निरुपयोगी ठरून बंद झाली असती.

मी मल्होत्रा सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "देखो मुक्ता, अंकल ठीक हैं ना? तो रहने दो. पुढच्या चाचणीत दुधाचा प्रश्न घालू आपण." दिल्लीत इतकी वर्षं माझ्याशी बोलून त्यांना थोडं मराठी येतं, आणि समजूत घालायची असली की ते वापरतात.

मी म्हटलं, पुढच्या चाचणीतल्या लोकांचं ठीक आहे, या चाचणीतल्यांचं काय?

"तुमने लिखकर दिया तो तुम्हारे अंकल सबसे पहले बाहर होंगे, यार. उनकी तो शुरुआत ही ग़लत नापी गई है."

मी म्हटलं, मग सुरुवात पुन्हा मोजायची. काही आठवडे नवी गोळी थांबवायची, पाण्यावर मोजायचं, पुन्हा सुरू करायची. हे न्यायाचं आहे. सर म्हणाले की न्यायाचं आहेच, आणि चष्मा परत लावला.

मी काकांना विचारायला गेले. रीतसर. काकू पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं नीट समजावून सांगितलं, रेघ काढून दाखवली. काकांना समजवायला वेळ लागला नाही. नकाशाची पायाभूत रेघ चुकली की वरचं सगळं चुकतं हे त्यांनीच मला सांगितलं.

"काका, मी हे लिहून दिलं तर तुमची गोळी बंद होऊ शकते."

"होऊ शकते, की होईल?"

"सर म्हणतात होईल. मी भांडणार आहे."

"तुझा बापही असंच म्हणायचा. आणि मग आमचा पगार कापला जायचा." त्यांचा चेहरा पूर्वीसारखा हलला नाही, पण ते हसत होते. मग रेघेवरून एकदा बोट फिरवून ते म्हणाले, "लिही."

काकू घड्या घालत राहिल्या. मी त्यांना काही विचारलं नाही. चाचणीत नाव काकांचं होतं, संमती त्यांची लागणार होती. नियम असाच आहे. पण रात्री जाग्या राहणार होत्या त्या काकू. आणि मी विचारलं होतं ते अशा माणसाला, ज्याने माझा हात धरून मला तो शब्द गिरवायला लावला होता. त्यांना मला "नको लिहू" म्हणता आलं असतं का? हा विचार माझ्या मनात आला तो फार उशिरा आला.

मी लिहून दिलं. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीला, कंपनीला, इस्पितळाला. माझ्या वडिलांच्या पत्रकांचा नियम होता की शेवटचं वाक्य मागणीचं असावं, त्यात विनंती नसावी. माझ्या प्रत्येक पत्राचं शेवटचं वाक्य तसं होतं. ज्यांच्या घरी दूध दिलं गेलं त्या सर्वांची सुरुवात पुन्हा मोजा, कोणालाही वगळू नका. मला खरोखर वाटत होतं की मुद्दा बिनतोड असला की तो मान्य होतो. पत्रकांवर वाढलेल्या मुलांचा हा भ्रम जायला वेळ लागतो.

कंपनीने अर्धी मागणी मान्य केली. जे अजून पहिल्या टप्प्यात होते त्यांची सुरुवात पाण्यावरच मोजायची ठरलं. फोनवरच्या प्रश्नांत दुधाचा प्रश्न आला. दुसऱ्या टप्प्यातल्यांसाठी मात्र पुन्हा मोजण्याची तरतूद मूळ आराखड्यात नव्हती, म्हणून त्यांच्यापैकी ज्यांची सुरुवात सदोष होती ते बाहेर. मी समितीसमोर उभी राहून भांडले. चूक रुग्णांची नाही, प्रश्नाची आहे, आणि शिक्षा रुग्णांना होते आहे, असं म्हटलं. समितीतल्या एका वयस्क बाईंनी मान डोलावली आणि कंपनीच्या बाजूने सही केली. त्यांनाही नियमाबाहेर जाता येत नव्हतं.

काकांची नवी गोळी बंद झाली. जुनी पाण्याबरोबर चालू राहिली, तिने थोडं सावरलं, काही महिने. वर्तमानपत्र फाटकावरून आणणं आधी सुटलं. मग दाढी. मग कूस. मी आठवड्यातून एकदा जायचे आणि काका माझ्याशी पूर्वीसारखेच वागायचे, सरकारला शिव्या घालायचे, फक्त आता पुन्हा मला वाकून ऐकावं लागायचं. एकदाही त्यांनी गोळीचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. पुढे घास गिळताना ठसका लागायला लागला, छातीत संसर्ग झाला. या आजारात शेवट बहुतेक असाच येतो. काका हिवाळ्यात गेले.

दिवस झाल्यावर मुलगा बंगळूरला परतला. मी काकूंबरोबर बसले होते. त्यांनी चहा केला, तो प्यायलो, आणि कप विसळून आल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नकोस."

मी म्हटलं, विचारा.

"तू मला पाण्याबरोबर द्या म्हणालीस, मी दिल्या. तिथेच गप्प बसायचं होतंस. फोनवर मी काय हवं ते बोलले असते."

"काकू, बाकीच्या पेशंटांचं काय झालं असतं? त्यांच्या घरीही दूधच होतं."

"कोण बाकीचे?"

मी सांगू लागले, इस्पितळ, टप्पे, क्रमांक.

"तसं नको. एकाचं तरी नाव सांग."

माझ्याकडे रेघा होत्या आणि क्रमांक होते.

"बघ," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे एक नाव होतं."

त्या रागाने बोलल्या नाहीत. मला जाताना नेहमीसारखा डबाही दिला.

मी आजही तेच करीन. कोणी विचारलं तर मी ठामपणे सांगते, आणि ते खरं आहे. चाचणी खोटी ठरू देणं म्हणजे पुढच्या प्रत्येक रुग्णाशी खोटं बोलणं. माझ्या कारकिर्दीचं फलित काय, असं विचारलं तर ते एक प्रश्न आहे, "दूध लिया था क्या?" आमच्या भागातल्या अशा प्रत्येक चाचणीत तो आता विचारला जातो, आणि त्याचा मला अभिमान आहे. ते नवं औषध अजून आपल्या दुकानांत आलेलं नाही. या सगळ्या गोष्टी एका पारड्यात घातल्या तरी काकूंचा प्रश्न हलत नाही.

मागच्या वर्षी मला इस्पितळात एका नव्या मुलीचं काम बघायला बोलावलं होतं. रुग्णांना प्रश्न विचारायचं काम. पहिल्या टप्प्यातून पाण्यावर मोजणी होऊन पुढे आलेला एक रुग्ण त्या दिवशी तपासणीला आला होता, मानेसरच्या बाजूचा, कारखान्यातून निवृत्त झालेला. बरोबर बायको. मुलीने दुधाचा प्रश्न विचारला तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "पहले देती थी जी. दूध कोई खाना होता है के? फिर तुम लोगों ने मना कर दिया. अब पानी से." आणि कोणी न विचारताच पुढे म्हणाल्या, "अब तो मैं भी सो लूँ हूँ रात नै."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

तपासणीत एक भाग आवाजाचा असतो. रुग्णाला सांगतात, तुमचं नाव बोला, जमेल तितक्या मोठ्याने. त्या माणसाने खुर्चीत ताठ बसून आपलं नाव घेतलं, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या लोकांनी दाराकडे वळून बघितलं.

हा लेख लिहायच्या आधी मी परवानगीसाठी काकूंकडे गेले होते. नाव बदलू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "बदलायचं कशाला? पूर्ण छाप." तसं छापलं आहे. इस्पितळातल्या त्या दुसऱ्या माणसाचं नाव मला पाठ आहे. चाचणीतल्या रुग्णाचं नाव बाहेर कोणाला सांगायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम योग्य आहे. काकूंना मी ते अजून सांगितलेलं नाही.